नळ गळतोय? पाना हाती घेण्याआधी जरा थांबा!



रात्री सगळीकडे निजानीज झाली, दिवे मालवले, की मोरीतून 'टप्... टप्...' असा आवाज ऐकू येऊ लागतो. दिवसा भांड्यांच्या खणखणाटात आणि मुलांच्या गोंगाटात तो कुणाच्या कानावर जात नाही. मी एकदा रात्री दहा वाजता त्या थेंबाखाली रिकामी बादली ठेवून दिली. सकाळी सहाला पाहते तो पाव बादली पाणी! ज्यांच्या गावाला एक दिवसाआड पाणी येते, त्यांना पाव बादलीचे मोल मी काय सांगावे?

मागे एका भगिनीने विचारले होते, "नळवाला आज येतो, उद्या येतो म्हणता म्हणता आठ दिवस झाले. मोबाईलवर पाहून तर हे काम आपल्यालाही जमेलसं वाटतं. मी स्वतःच करून पाहू का?"

नळाचा वायसर बदलायचा असेल तर जरूर करा. त्यात अवघड काही नाही आणि पुरुषांनीच करावे असेही काही नाही. पण भिंतीतला किंवा भिंतीवरचा पाइप उघडायचा असेल, मग तो तुम्ही उघडा नाहीतर नळवाल्याकडून उघडवून घ्या, त्याआधी काही गोष्टी पाहाव्याच लागतात. आणि दुपारी अकरा-बाराला नळवाला येतो तेव्हा घरात असते कोण? बहुधा आपणच. तेव्हा ते पाहण्याचे कामही आपल्याकडेच येते. हे मी कुठे वाचून सांगत नाही, माझ्या न्हाणीघरात घडलेले सांगते.

२००९ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा साताऱ्याला एका जुन्या तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. खालच्या हौदातून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा लोखंडी उभा नळ आमच्या न्हाणीघराच्या कोपऱ्यातून वर गेला होता. त्याच्या सांध्याशी गळती लागली. भिंतीला पोपडे सुटले, खालच्या वहिनींच्या छताला ओल आली. शेवटी घरमालकांनी मिस्त्रींना पाठवले. त्यांच्याबरोबर हाताखालचा एक मुलगा होता, सतरा-अठरा वर्षांचा, अंगाने किरकोळ. मला 'काकू, काकू' म्हणायचा. आल्याआल्या आधी चहा नको, पाणी द्या म्हणाला.

मी माझ्या परीने सगळी काळजी घेतली होती. खाली जाऊन पंप बंद केला. गिझरचे बटण बंद केले आणि एवढ्यावर न थांबता घरातला मेन स्विचच खाली ओढला. आता काही भीती नाही, असे म्हणून मी ओट्याशी भाजी चिरायला बसले.

मिस्त्रींनी करवतीने पाइप कापला. कापलेला तुकडा सुटेना, म्हणून त्या मुलाने एका हाताने वरचा पाइप धरला आणि दुसऱ्या हाताने खालचा ओढायला लागला. हात ओले, पायांखाली ओली फरशी, पायांत काही नाही. एकदम "आई गं!" असा ओरडला आणि मागे फेकला गेला. कोपर मोरीच्या कठड्यावर आपटले. मी धावत गेले तो पोराचा चेहरा पांढराफटक पडलेला.

मिस्त्री मला विचारतात, "वहिनी, मेन बंद केलाय ना तुम्ही?"

"अहो, केलाय! हा पाहा पंखा, फिरतोय का?"

पंखा बंदच होता. तरी पाइपाला वीज होती!

मुलाच्या कोपराचे हाड मोडले होते. दीड महिना हात गळ्यात होता. एवढ्यावर निभावले ते तो मागे फेकला गेला म्हणून. हात पाइपाला चिकटून राहिला असता तर काय झाले असते, ते मला आजही मनात आणवत नाही.

संध्याकाळी वायरमन आले. त्यांनी शोधून काढलेले कारण मी तुम्हांला सावकाश सांगते, कारण जुन्या इमारतीत राहणाऱ्या पुष्कळजणींच्या घरी हेच असण्याचा संभव आहे.

फ्रीज, इस्त्री, गिझर अशा वस्तूंना तीन पिनांचा प्लग असतो. त्यातली मोठी पिन अर्थिंगची. वस्तूच्या आत काही बिघडून वीज तिच्या लोखंडी अंगाला आली, तर ती आपल्या अंगातून न जाता या तारेने मुकाट्याने जमिनीत जावी, एवढेच तिचे काम. त्यासाठी अंगणात खड्डा करून त्यात पत्रा किंवा नळी पुरायची असते आणि तिथून तार वर आणायची असते. पण पूर्वी पुष्कळ ठिकाणी हा खटाटोप वाचवण्यासाठी ती तार सरळ जवळच्या लोखंडी नळाला गुंडाळून टाकीत. नळ जमिनीत गेलेलाच आहे, तेव्हा वीजही जाईल, असा हिशेब!

आमच्या इमारतीत नेमके तेच केलेले होते. वरच्या मजल्यावरच्या आजींचा गिझर जुना झाला होता. आतल्या कॉइलचे आवरण फुटून थोडी थोडी वीज बाहेर येत होती. फ्यूज उडावा इतकी ती नव्हती, त्यामुळे कुणाला पत्ताही लागला नाही. ती अर्थिंगच्या तारेतून नळात उतरायची आणि आमच्या न्हाणीघरातून खाली जाऊन जमिनीत मुरायची. किती महिने हे चालले होते कोण जाणे! पाइप अखंड होता तोवर नळाला हात लावला तरी मुंगीसुद्धा चावल्यासारखे वाटत नव्हते. मिस्त्रींनी तो कापला मात्र, आणि विजेची वाट तुटली. वरच्या तुकड्यात वीज, खालचा तुकडा जमिनीत, आणि दोन्ही धरून मधे उभा तो पोरगा. वीज एका हातातून शिरून छातीवरून दुसऱ्या हातात गेली.

माझा मेन स्विच बंद असून काय उपयोग? वीज माझ्या घरची नव्हतीच.

आता ह्यातली दुसरी गोष्ट ऐका. मिस्त्री कापलेल्या जागी प्लॅस्टिकचा तुकडा बसवणार होते. स्वस्त, गंजत नाही, हलका. त्यात त्यांचे काय चुकले? हल्ली सगळेच बसवतात. पण वायरमन म्हणाले, "तो बसवला असता, तर वरच्या आजींची अर्थिंग कायमची तुटली असती. उद्या सकाळी त्यांनी आंघोळीला नळ सोडला असता, तर त्या नळालाच वीज असती." प्लॅस्टिकमधून वीज जात नाही, म्हणजे खालची जमीन आणि वरची घरे यांचा संबंध संपला. आम्ही आमची गळती थांबवणार आणि त्याची किंमत तिसऱ्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या आजी देणार!

त्या रात्री आजींचा गिझर काढून ठेवला. घरमालक आधी म्हणत होते, "चाळीस वर्षं असंच चाललंय, कुणाला काही झालं नाही." मग त्या मुलाचा गळ्यात बांधलेला हात त्यांना दाखवला. शेवटी चारही बिऱ्हाडांनी वर्गणी काढली, निम्मे मालकांनी घातले, आणि अंगणात खड्डा खणून अर्थिंग वेगळे केले. नळावरच्या तारा सोडवल्या. मगच नळाचे काम पुरे झाले.

तेव्हा लोखंडी पाइप कापायचा किंवा बदलायचा असेल, तर आधी त्याला कुठे तार गुंडाळली आहे का ते पाहा. न्हाणीघरात, जिन्यात, मीटरच्या खोलीत, पंपाजवळ. गंजलेली का होईना, तार दिसली की काम थांबवा आणि आधी वायरमनला बोलवा. तार दिसली नाही तरी काम चालू असेपर्यंत वरच्या आणि खालच्या बिऱ्हाडांनाही आपापला मेन स्विच बंद करायला सांगा. तासाभराचा प्रश्न असतो, कुणी नाही म्हणत नाही. टेस्टर लावून पाहावा हे खरे. पण पाइप अखंड असताना टेस्टर पेटत नाही आणि कापल्यावर पेटतो, असेही होते, हे तुम्ही आता जाणताच. म्हणून कापून झाल्यावर, हात लावण्याआधी, दोन्ही तुकड्यांना टेस्टर लावायला सांगा. जाणते वायरमन पाइप कापण्याआधीच कापायच्या जागेच्या वर आणि खाली एक जाड तांब्याची तार पक्की जोडून घेतात. म्हणजे मधला तुकडा काढला तरी विजेची वाट त्या तारेतून चालू राहते, माणसाच्या हातांतून नाही.

आपल्या घरातली वीज बंद करतानाही एक खोच आहे. भिंतीवरचे बटण बंद केले म्हणजे गिझर मेला, असे समजू नका. जुन्या वायरिंगमध्ये कधी कधी तारांची अदलाबदल झालेली असते. तसे असले तर बटण बंद असूनही आत वीज उभी असते. मेन स्विच दोन्ही तारा तोडतो, म्हणून बंद करायचा तो तोच. मग अंधार होतो, मान्य. बॅटरीचा दिवा वापरा. शेजारून एक्स्टेंशन ओढून मोरीत बल्ब लोंबकळत सोडण्याचा आपल्याकडचा जो रिवाज आहे, तो तर अगदी मोडूनच टाका बाई.

आणि हो, तुमच्या मीटरच्या पेटीत आरसीसीबी नावाचे बटण आहे का, हे एकदा पाहून घ्या. साधा एमसीबी वायरीचे रक्षण करतो. हा माणसाचे करतो. वीज कुठे भलतीकडे गळते आहे असे दिसले की क्षणार्धात पुरवठा तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा घ्यायचा असतो. त्याच्यावर 'टी' लिहिलेले एक लहान बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबायचे. खटका पडला पाहिजे. नाही पडला तर तो नुसता शोभेचा आहे असे समजा. वरच्या आजींकडे तो असता, तर त्यांचा गिझर कधीच बोलला असता.

आता पाण्याकडे येऊ.

आपल्या घराचे पाणी कोणत्या चावीने बंद होते, हे किती जणींना ठाऊक आहे? पाइप फुटून पाणी हॉलमध्ये आल्यावर गच्चीवर धावायचे आणि तिथे सारख्या दिसणाऱ्या सहा चाव्यांपुढे उभे राहायचे, हे मी स्वतः केले आहे. एखाद्या सुटीच्या दिवशी घरातल्या कुणाला खाली नळाशी उभे करा आणि वरून एकेक चावी फिरवून पाहा. जी आपली असेल तिच्यावर ऑइलपेंटने खूण करून ठेवा. चावी वर्षानुवर्षे फिरवली नसेल तर ती घट्ट बसलेली असते. तिला पाना लावून जोर करू नका, दांडाच तुटून हातात येतो आणि मग पाणी मुळीच बंद होत नाही. थोडे तेल सोडून, मागे-पुढे हलकेच फिरवत तिला सैल करायचे.

चावी बंद केली तरी पाइपात पाणी साठलेले असते. सर्वांत खालचा नळ सोडून ते काढून टाका. वरचा एखादा नळही सोडा, म्हणजे हवा शिरून पाणी लवकर उतरते. सामाईक पंप असेल तर नुसता बंद करून भागत नाही. कुणाच्या तरी घरी पाणी नाही, ते खाली येतात आणि सवयीने बटण दाबून जातात! आत पाइप उघडा असतो. पंपाच्या बटणावर 'काम चालू आहे, पंप लावू नये' अशी मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवा आणि शक्य असेल तर पंपाचा फ्यूज काढून सरळ पदराला बांधून ठेवा. मी तेच करते. फ्यूज अर्थात पंपाचा मेन बंद करूनच काढायचा.

गिझरच्या पाइपाचे काम असेल तर आणखी एक पाहायचे. गिझर बंद करून लगेच पाइप उघडला तर आतले कढत पाणी अंगावर येते. आदल्या रात्रीच बंद करून ठेवावा. काम झाल्यावर उलट चूक होते: घाईघाईने बटण लावले जाते आणि आत पाणीच नसते, कॉइल कोरडी तापून जळते. गरम पाण्याचा नळ सोडा, त्यातून हवेचे फुसफुसणे थांबून सलग धार येऊ द्या, मगच बटण लावा.

गिझरखाली एक लहानसा व्हॉल्व्ह असतो, त्यातून अधूनमधून थेंब पडतात. ही गळती नव्हे! पाणी तापले की फुगते, त्याला वाट हवी, ती वाट म्हणजे हा व्हॉल्व्ह. माझ्या ओळखीच्या एका घरी थेंबांचा कंटाळा येऊन त्याच्या तोंडात खुंटी ठोकून वर एम-सील थापले होते. मी पाहिले तशी ते काढायलाच लावले. तिथून वाफेला वाट मिळाली नाही आणि आतले तापमान आवरणारा खटकाही बिघडला, तर टाकी फुटते. फार गळत असेल तर व्हॉल्व्ह बदला, बुजवू नका.

आता जे काम आपण स्वतः करू शकतो ते थोडक्यात. नळाचा वायसर झिजला की नळ कितीही आवळला तरी ठिबकतो. आवळून आवळून आटे मात्र जातात. पाणी बंद करा, मोरीच्या जाळीवर फडके टाका (स्क्रू हमखास तिथेच जातो), वरची मूठ काढा, आतला भाग पान्याने सैल करून बाहेर घ्या आणि जुना वायसर दुकानात नेऊन तसाच नवा आणा. अंदाजाने आणू नका. बसवताना आट्यांवर टेफ्लॉनची टेप गुंडाळायची ती आटे फिरतील त्याच दिशेने, नाहीतर ती उकलून येते. हल्लीच्या अर्ध्या फेऱ्यात बंद होणाऱ्या नळांत वायसर नसून चिनी मातीच्या चकत्या असतात. त्यांचा आतला भाग अख्खाच बदलावा लागतो.

पाना चालवताना तो आपल्याकडे ओढावा, पलीकडे ढकलू नये. ढकलताना निसटला की बोटांची पेरे भिंतीवर सोलवटतात. आणि एका पान्याने सांधा फिरवताना दुसऱ्याने मागचा पाइप धरून ठेवावा. एरवी तुम्ही फिरवता इथे आणि गंजलेला पाइप तुटतो आत भिंतीत. मग अडीचशेच्या कामासाठी टाइल्स फोडाव्या लागतात. सिंकखाली उताणे पडून वर बघत काम करायचे असेल तर चष्मा घाला, साधा असला तरी चालेल. गंजाचे पापुद्रे डोळ्यांतच पडतात. पायांत रबरी चपला हव्यातच. बांगड्या, अंगठ्या, मंगळसूत्र काढून ठेवा म्हटले तर सासूबाईंना रुचणार नाही. मंगळसूत्र निदान पाठीकडे सारून ब्लाउजमध्ये खोचा, पदर कमरेला घट्ट बांधा.

रविवारी दुपारी पाइपाला भोक पडले आणि दुकाने बंद, तर? सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटे रुंद पट्टी कापा, ताणून ताणून पाच-सहा वेढे द्या आणि वरून तारेने किंवा क्लिपने आवळा. दोन-तीन दिवस निभतात. एम-सील लावायचे तर पाणी बंद करून पाइप कोरडा पुसूनच. वाहत्या पाण्यावर ते धरत नाही. मळताना हातात प्लॅस्टिकची पिशवी घाला, काहींच्या कातडीला त्याने खाज सुटते. कणकेसारखे दिसते म्हणून कणीक मळायच्या परातीत मात्र मळू नका!

प्लॅस्टिकचे पाइप जोडायला जे सोल्युशन मिळते, त्याच्याविषयी नळवाले फारच बेफिकीर असतात. त्याची वाफ डोक्यात चढते, मळमळते, आणि ती चटकन पेटही घेते. ही वाफ हवेपेक्षा जड असते, खाली जमिनीलगत पसरते. दार लावलेल्या एवढ्याशा न्हाणीघरात तो डबा उघडा ठेवून विडी ओढणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. स्पष्ट सांगायचे, "दादा, विडी बाहेर." खिडकी उघडी ठेवा. सिंकखाली काम असेल तर शेगडी बंद, आणि देव्हारा स्वयंपाकघरातच असेल तर तेवढा वेळ निरांजन शांत करा. देव रागावणार नाहीत. जोडल्यावर पाणी किती वेळाने सोडायचे ते डब्यावर लिहिलेले असते, तेवढा धीर धरा.

मोरी तुंबली की आपण आधी तिच्यात काहीबाही ओततो. कॉस्टिक सोडा, ॲसिड, बाजारात मिळणारी पूड. त्याने झाले नाही की मग माणूस बोलावतो आणि ओतलेले सांगायला विसरतो. तो बिचारा नाळके उघडतो आणि ते सगळे त्याच्या हातावर, तोंडावर येते. काय ओतले ते आल्याआल्या सांगा, जवळ एक बादली स्वच्छ पाणी ठेवा. डोळ्यांत गेले तर लगेच त्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धूत राहायचे आणि डॉक्टर गाठायचा. संडास धुवायचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर एकत्र येऊच देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत जीव घुसमटतो.

गळती हौदात किंवा सेप्टिक टँकजवळ असली, की "जरा उतरून बघ रे" असे सहज म्हटले जाते. सेप्टिक टँकमध्ये माणसाला उतरवायचे नाही, कितीही घाई असो. आत वास न येणाराही विषारी वायू असतो, किंवा श्वासापुरती हवाच नसते. पहिला पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. संरक्षक साधनांशिवाय असे उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदीच आहे. नगरपालिकेची किंवा खाजगी यंत्रगाडी मागवायची. पिण्याच्या पाण्याच्या हौदात पाणबुडी पंप असेल, तर त्याची वीज तोडल्याशिवाय त्यात हातसुद्धा घालायचा नाही.

समजा, एवढे करूनही कुणी विजेला चिकटलेच, तर त्याला धरायला धावू नका. आपणही चिकटतो. आधी मेन बंद. तो लांब असेल तर कोरड्या लाकडी काठीने त्याचा हात ढकलून सोडवा, स्वतः कोरड्या पाटावर उभे राहून. पूर्वी घरोघरी कपडे वाळत घालायची बांबूची काठी असे, ती ह्याला फार उपयोगी. आताच्या काठ्या पुष्कळदा ॲल्युमिनियमच्या असतात, त्या मुळीच चालणार नाहीत! हे एकदा घरात सगळ्यांना दाखवून ठेवा. सुटल्यावर माणूस श्वास घेत नसेल तर १०८ ला फोन लावायला कुणाला तरी सांगून लगेच त्याच्या छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाबायला लागा. जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. आणि नुसता झटका बसून उठून उभा राहिला, "काही नाही झालं काकू" म्हणाला, तरी त्याला डॉक्टरकडे न्याच. हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात. आमच्या त्या मुलाला आम्ही रिक्षात घालून नेले, तिथे आधी कोपराचा नाही, हृदयाचा आलेख काढला होता.

त्याच्या औषधाचा खर्च मालकांनी आणि आम्ही मिळून केला. दीड महिन्याची मजुरी बुडाली तिचे काय, हे मात्र कुणी काढले नाही. मीही तेव्हा काढले नाही, हे कबूल करते. घरी कामाला येणारा माणूस आपल्याकडे जखमी झाला तर काय करायचे, हे इमारतीतल्या लोकांनी आधीच बसून ठरवून ठेवायला हवे. नंतर प्रत्येकाला घाई असते.

काम पुरे झाले, माणसे गेली, की लगेच फरशी पुसून मोकळ्या होऊ नका. पाणी हळूहळू सोडा. सांध्यावरून कोरडे बोट फिरवून पाहा, आणि रात्री निजताना प्रत्येक नव्या सांध्याखाली वर्तमानपत्राचा एक कोरडा तुकडा पसरून ठेवा. डोळ्यांना न दिसणारा थेंबही कागदावर डाग सोडतो. सकाळी डाग दिसला तर दुपारपर्यंत मिस्त्रींना परत बोलवा, आणि बाकी राहिलेले पैसे तोवर डब्यातच असू द्या.